शुक्रवारी पुसलं जाणारं आगर

८ नोव्हें. ९८, रवि.

४८६ मशीन घरी आलं! क्लासचे सर म्हणाले, नवीन मशिनं आलीत, हे पडूनच राहणार, घरी ने नि शिकवायची तयारी कर. डोंबिवली ते कोपरी टेम्पोत मॉनिटर मांडीवर घेऊन आलेले. मांड्यांची वाट लागलीय.

आईने आधी हळदकुंकू वाहिलं, मग विचारलं, "हे करतं काय?" म्हटलं, टायपिंग. "मग टायपरायटर काय वाईट व्हता?" 

बाबांनी एकदा बघितलं आणि परत खिडकीत. रस्त्याकडच्या. खाडीकडची खिडकी चार वर्षं उघडलेली नाही, तिच्यापुढे आता कपाट आहे. पावसाळा संपला की बाबांचं असंच होतं. मिठाच्या आगरात पाणी घ्यायचे दिवस. तीस वर्षं मीठ काढलेला माणूस, आता अंगणात बसून चपलेने माती सारखी करतो. आई म्हणते, करूदे, अंगण तरी सपाट राहतं.

११ नोव्हें., बुध.

मंदारने आज वेड लावलं. क्लासमध्ये 'सी' शिकवतो, नाकाने कांदे सोलतो, पण आजच्यापुरतं सगळं माफ. लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणलीय. म्हणाला, "लहानपणचे टीव्ही गेम पीसीवर चालतात." म्हटलं, गप रे. त्याने डॉसमध्ये काहीतरी खडखड टाईप केलं नि समोर रणगाडा!!

तोच. पिवळा. तीच सुरुवातीची धून, जरा चिरकी. मी एवढ्या जोरात ओरडले की बाजूच्या खोलीतली टॅलीची बॅच दारात आली.

अख्खा गेम चोवीस केबी. एका फ्लॉपीत असे पन्नासेक मावतील. आम्ही ज्याच्यासाठी कॅसेटमध्ये फुंका मारमारून गाल दुखवले, ते चोवीस केबी!

हे होतं कसं, ते विचारून विचारून त्याचं डोकं खाल्लं. म्हणे कॉम्प्युटर त्या जुन्या मशिनचं सोंग घेतो.
"म्हणजे नाटक?"
"नाटकच. पण इतकं पाठ, की गेमला कळत नाही आपण दुसरीकडे आलोय."
परदेशात कोणीतरी कॅसेट उघडून आतल्या चिपमधलं सगळं उतरवून काढलं आणि नेटवर फुकट टाकलं. कोणाला पडलंय एवढं? पण पडलंय ना. मला पण पडलंय.

फ्लॉपी पर्समध्ये. ट्रेनमध्ये तीनदा चाचपली.

१३ नोव्हें., शुक्र.

शुक्रवार, दर आठवड्याचा वीजबंदीचा दिवस, लाइट नाही. क्लासला सुट्टी. फ्लॉपी हातात नि मशीन आंधळं. मग लिहूनच काढते.

९१ साली भाईने पहिल्या पगारातून टीव्ही गेम आणला. दिनेश, माझा मोठा भाऊ, तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होता. रणगाड्याच्या गेममध्ये एक सोय होती, आपलं मैदान आपण काढायचं. विटा, लोखंड, पाणी, झाडं, एकेक चौकोन भरायचा. बाकीची पोरं काहीतरी नक्षी काढायची. भाईने आमचं आगर काढलं. पाण्याचे वाफे, विटांचे बांध, खाली खाडी. बाबा मागे पाटावर बसून सांगायचे, "ह्यो बांध इतका सरल नाय, जरा वाकव." आगरावरून आलेला माणूस, पायाला अजून मीठ, नि पुन्हा आगरच बघत बसलेला.

मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं. म्हणून बंदच करायचं नाही. टीव्ही बंद, मशीन चालू, वर आईचं फडकं, धूळ बसू नये म्हणून. हात लावला तर तवा. आणि मग शुक्रवार. लाइट गेली की आगर गेलं. शनिवारी भाई पुन्हा बसायचा, बाबा पुन्हा पाटावर. किती शनिवार असे गेले कोण जाणे.

९४ ला मालक शेठने आगर बंद केलं, जागा विकली. भरणीचं काम निघालं, दगडमाती ओतायचं. ते भाईच्या डंपरला मिळालं. नवाकोरा डंपर, डोक्यावर हप्ता. बाबा त्याला एवढंच म्हणाले, "तुझ्या हातानं?" त्यानंतर एक शब्द नाही. भाई कल्याणला गेला तो गेलाच. आई चोरून फोन करते. मी राखीला जाते, पण बोलायचं काय, तर डिझेलचा भाव.

मला ते मैदान परत काढायचंय. एकदा ते दोघं एका पडद्याकडे बघत बसलेले मला बघायचेत. बस्स. वेडेपणा आहे, माहितीय.

१५ नोव्हें., रवि.

घरी गेम चालला. पण च्यायला, दुप्पट वेगाने! रणगाडे उंदरासारखे पळतायत. तासभर खटपट केल्यावर कळलं की वेग बांधायची एक सेटिंग आहे. मग नीट.

मैदान काढायला बसले. आधी कागदावर, चौकटीच्या वहीत, तेरा बाय तेरा. शहाणपणा केला: नकाशा म्हटल्यावर उत्तर वर. कोपरीच्या पूर्वेला खाडी, म्हणून खाडी उजव्या हाताला. कॉम्प्युटर टीचर ना मी!

बाबांपुढे वही धरली. बराच वेळ बघितलं.
"ह्यो कनचा गाव?"
"आपलं आगर, बाबा."
"आपला नाय."
मी बोटाने दाखवतेय, हा बांध, हा बांध. ते मान हलवतायत. शेवटी त्यांनी वही हातातून घेतली नि फिरवली. खाडी खाली आली. "आता आपला."

मग कळलं. आमच्याकडे गावाची बाजू ती वरची, खाडीची बाजू ती खालची. पाणी खालून येतं. उत्तर-दक्षिण कोणाला हवीय? चार पिढ्या मीठ काढलं तिथे, आणि घरातली एकुलती पदवीधर पोर नकाशा आडवा करून बसलेली.

गेममध्येही रणगाडे वरूनच येतात, आणि आपलं जे सांभाळायचं ते खाली. डंपर पण वरूनच आलेले.

१६ नोव्हें., सोम.

बाबांनी वही मागून घेतली. आपणहून! चष्मा लावून अर्धा तास. सहा बांध दुरुस्त. आई स्वयंपाकघरातून बघत होती, मला डोळ्यांनी म्हणते, बोलू नको, चाललंय ते चालूदे.

अडलं ते उघाडीपाशी. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, भरतीचं पाणी आगरात घ्यायचा नि सोडायचा. बाबांचा जीव त्यात. दर वर्षी पहिलं पाणी घेताना तिथे नारळ द्यायचे, खोबरं आम्हाला. पडद्यावर ती नक्की कुठे होती? खरं आगर केवढं मोठं, इथे तेरा चौकोन. काय ठेवायचं नि काय गाळायचं, ते भाईने ठरवलेलं.

बाबा पेन्सिल टेकवून थांबले. म्हणाले, "ते त्याला ठावूक."

'त्याला'. चार वर्षांत पहिल्यांदा घरात त्याचा उल्लेख, नाव नाही तर नाही. आईच्या हातातून झाकण पडलं. बाबा म्हणाले, भांडी जपून ठेवत जा. वही मिटली.

२० नोव्हें., शुक्र.

कल्याण. घरी सांगितलं मैत्रिणीकडे चाललेय. शुक्रवारी खडीमशीन बंद म्हणून भाईचा डंपरही उभा असतो. घराखाली गाडी धूत होता. पोट सुटलंय.

"काय गं नंदे, आज राखी हाय का?"
"सहज आले."
"सहज? कोपरीवरनं?"
चहा झाला, डिझेल झालं, माझ्या लग्नाचं झालं (नेहमीचं). मी आपली ताकाला जाऊन भांडं लपवतेय. शेवटी पर्समधून वही काढली. बघून इतका हसला की पाईप हातातून सुटला, माझी चप्पल भिजली.

"रणगाडा? कुठे मिळाला?"
सगळं सांगितलं. सोंग, चोवीस केबी. त्याचे डोळे बारीक झाले, लहानपणी मशीन खोलायचा तेव्हा व्हायचे तसे. "म्हणजे आतलं मशीन मेलं तरी गेम राहतो?" म्हटलं हो. "भारी आहे."

मग बॉनेटवर वही ठेवली. बाबांच्या दुरुस्त्या बघितल्या. पेन्सिल कोणाची ते विचारलं नाही, ओळखलं. डाव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन गिरवला. "इथे उघाडी. मधे ते आपलं सांभाळायचं निशाण येतं, म्हणून डावीकडे सरकवलेली." आणि त्यात लिहिलं 'लो'.

"लोखंड? बाबा तर कधी लावू द्यायचे नाहीत." खरंच नाही. भाई तेव्हा म्हणायचा की सगळे बांध लोखंडाचे करू, गोळीने फुटणार नाहीत. बाबांचं एकच, आपला बांध मातीचा, तो फुटतो, मग बांधायचा.

भाई फडकं पिळत म्हणाला, "तेव्हाचं नाही सांगत. आत्ताचं सांगतोय. तू जाऊन बघ एकदा तिकडे."
"काय बघू?"
"जा तर."
एवढंच. तोंडात मूग. घराण्याचीच सवय.

२४ नोव्हें., मंगळ.

सकाळी क्लासच्या आधी गेले. चार वर्षांत पहिल्यांदा मी पण. बाबांना बोलते, मी तरी कुठे गेलेले?

सगळं भरलेलं. विटांचे तुकडे, खडी, गवत, प्लॉटचे दगड. कुठे काय होतं काही पत्ता लागेना. मग बाबांची युक्ती केली. खाडीकडे तोंड करून उभी राहिले, वही तशी धरली. तेव्हा कुठे पाय आपोआप चालायला लागले. वहीतल्या डावीकडे, खाली.

आहे.

उघाडी आहे. दोन लाकडी खांब, मधे फळ्या, एक मोडलेली. भरणी पंधरा-वीस पावलं अलीकडे थांबलीय. नीट बघितलं, चाकांच्या जुन्या खुणा तिथे वळतात नि मागे जातात. उघाडीच्या आत एका वाफ्याएवढा खड्डा तसाच राहिलाय. भरतीचं पाणी फळीतून येतं नि अडकून बसतं. कडेला पांढरी रेघ. बोट लावून चाटलं. मीठ!

इतका राग आला भाईचा. चार वर्षं! आधी सांगितलं असतंस तर? मग वाटलं, कोणाला सांगणार? बाबा ऐकायला तरी थांबले होते का?

क्लासला उशीर. सरांना म्हटलं, गाड्या लेट. चपलेला चिखल, त्यांना दिसला असणार.

२९ नोव्हें., रवि.

मैदान पूर्ण. डाव्या कोपऱ्यात एक पांढरा लोखंडी चौकोन. बाबांना काही बोललेले नाही.

आज बाबा खुर्चीत बसले. खुर्चीत, पाटावर नाही. "दाव." दाखवलं. मी खेळायला लागले तर ओरडले, "गोली नको मारू! बांध फोरशील तर तुलाच बांधाला लागल." अगदी तेव्हासारखं. मग आम्ही दोघांनी नुसतं रणगाडा फिरवला. बांधाबांधाने. त्यांनी प्रत्येक वाफ्याचं नाव सांगितलं. वाफ्यांना नावं असतात हे मला माहीतच नव्हतं! एकाचं नाव माझ्या आत्याचं, ती तिथे घसरून पडलेली म्हणून. मी विचारतेय, हा? आणि हा? त्यांना थांबवत नव्हतं आणि मला पुरत नव्हतं.

शत्रूचे रणगाडे वरून आले नि दोन मिनिटांत सगळं फोडून टाकलं. बाबा म्हणाले, "येतातच ते." पांढऱ्या चौकोनाकडे लक्ष गेलं नाही बहुतेक. चष्मा जुना आहे.

२ डिसें., बुध.

आज मंदारने एक बटण दाखवलं. दाबलं की आहे तिथे, आहे तसं डिस्कवर साठतं. मशीन बंद करा, आठवड्याने या, तसंच. टीव्ही गेममध्ये ही सोय कधीच नव्हती. जुन्या मशिनचं सोंग घेणाऱ्याने जुन्या मशिनला न येणारी गोष्टही करून ठेवलीय. हे मला फार आवडलं.

"गोळी सुटलेली असताना दाबलं तर?"
"हवेत राहील. परत चालू केलं की तिथून पुढे जाईल."
घरी येऊन करून बघितलं. गोळी हवेत थांबली, मशीन बंद केलं, जेवले, चालू केलं. गोळी तिथेच, मग जाऊन लागली. पाच वेळा केलं. आमच्या घरात ९४ पासून हेच चाललंय, आणि चालू करायचं बटण कोणी दाबत नाही.

शेवटी अख्खं आगर साठवून ठेवलं. एकही वीट न फुटलेलं.

६ डिसें., रवि.

झालं. नवीन चष्मा आला आणि बाबांना चौकोन दिसला.
"ह्या लोखंडाचा कोनी केला?"
खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "भाईने."
"तू ग्येलतीस त्याच्याकडं?"
"हो."
खुर्ची मागे सारली. "ज्यानं आगर भरला, त्यानं आगर काढाचा नाय." आई मधे पडली, तिलाही ओरडा बसला. मग माझा पण ताबा सुटला. बापापुढे आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा.
"उघाडी नाही भरली त्याने! वीस पावलं मागे गाडी वळवलीय, चाकं दिसतायत अजून. पाणी येतं तिथे. मीठ धरतं. मी चाटून बघितलंय. तुम्ही एकदा तरी जाऊन बघितलंत का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.  जेवले, पण वाढलेलं तेवढंच.

 वाईट वाटतंय, आणि वाटत पण नाहीये.

७ डिसें., सोम.

पीसीओवरून भाईला फोन.
"सांगितलंस?"
"हो."
"काय म्हणाले?"
"काहीच नाही."
"मग कशाला सांगितलंस? माझं होतं ते."
विचारलं, का नाही भरलंस ते? मीटर पळतोय. म्हणाला, "शेवटची खेप होती. गाडी मागे घेतली. मागचा टप उचलायचा लिव्हर हातात होता. मागे कोणीतरी पाटावर बसलंय असं वाटलं." मग म्हणाला, पैसे जातायत तुझे, ठेव.

ठेवला. पीसीओच्या काचेत माझंच रडकं तोंड. तिथल्या काकांनी सुट्टे न मोजता दिले.

१० डिसें., गुरु.

चार दिवस बाबा मशिनकडे फिरकले नाहीत. मी पण चालू केलं नाही. आज झोपायच्या आधी भिंतीकडे बघत म्हणाले, "उद्या सुक्कीरवार."
"हो."
"लाइट जाल. आगर बी जाल ना मंग?"
"नाही जाणार, बाबा. साठवलंय."
"लाइट ग्येल्यावर कसा राहील?"
समजावायला लागले, डिस्क, फाईल. हाताने थांबवलं. "बगू."

हे माझ्याशी बोलणं नव्हतं. आगराशी होतं. तरी बरं वाटलं.

११ डिसें., शुक्र.

नऊला लाइट गेली. बाबा आंघोळ करून मशिनपुढे बसले. काळा पडदा, त्यात त्यांचंच तोंड. मी म्हटलं, दुपारी येईल, तोवर पडा. नाहीत उठले. चहा तिथेच, भाकरी तिथेच. आई म्हणाली, "कंपूटरचा उपास धरलाय." कोणी हसलं नाही, ती पण नाही.

अडीचला पंखा फिरला. "लाव."

मशीन चालू व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा आजवर कधी लागला नव्हता. डॉस, फोल्डर, गेम, बटण.

आलं. सगळे बांध. सगळे वाफे. डाव्या हाताला खाली पांढरा चौकोन.

बाबा पुढे वाकले. एकेक बांध बोटाने मोजला, काचेला बोट लावून. पांढऱ्यावर बोट थांबलं. "हाय," म्हणाले. मग पुन्हा, "हाय की."

उठले. मला म्हणाले, कपाट सरकव. आई नि मी दोघींनी ओढलं. खिडकी फुगलेली, उघडेना, बुक्की मारून उघडली. उभे राहिले. मग देवापुढचा नारळ उचलला, पिशवीत घातला, काठी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर. खाडीकडे. आईने विचारलं येऊ का, तर हात हलवला, नको.

मी धावत पीसीओवर. शुक्रवार, भाई घरीच.
"बाबा उघाडीकडे गेलेत. नारळ घेऊन."
 गाडीच्या चाव्या वाजल्या, मग फोन ठेवल्याचा आवाज. येतोय की नाही, काही कळलं नाही.

आता साडेपाच. बाबा अजून आले नाहीत. भाईचाही पत्ता नाही. खिडकीतून खालपर्यंत दिसतं, पण उघाडी तिथून दिसत नाही, भरणी आड येते. आईने दोन कप जास्तीचा चहा ठेवलाय, विचारलं तर म्हणते, सवयीने.

मशीन चालूच आहे. आगर पडद्यावर. आत्ताच आई आतून फडकं घेऊन आली, जुनं, कुठून काढलं देव जाणे. "वर टाकू का? धूळ बसल." साठवलेलं आहे, फडक्याची काही गरज नाही, उलट गरम होईल.

म्हटलं, टाक.